गच्चीवर पाचशे बादल्या!

दोस्तांनो, रायपूरच्या बुढापाऱ्यातून समुद्र दिसतो का? छे! इथे दिसतो तो बुढा तालाब. समुद्र तर सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटर लांब! मग समुद्रातलं चक्रीवादळ इथे कशाला येतंय?

येतं की! ऐका तर गंमत.

ऑक्टोबर 2014. बंगालच्या उपसागरात हुदहुद नावाचं चक्रीवादळ उठलं. 12 तारखेला ते विशाखापट्टणमला धडकलं आणि तिथून निघालं थेट छत्तीसगडकडे! वाटेत वारा मंदावला, पण ढग काही थांबेनात. छत्तीसगड झालं, उत्तर प्रदेश झाला... आणि 14 तारखेला नेपाळच्या हिमालयात काय झालं असेल? ओळखा पाहू!

प्रचंड बर्फ पडला! किनाऱ्यावर धो धो कोसळलेल्या वादळाचं उरलंसुरलं बाष्प अन्नपूर्णेच्या डोंगरांवर बर्फ होऊन उतरलं. आहे की नाही कमाल?

आता प्रश्न असा, की वादळाला एवढी ताकद येते कुठून? उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे! चहाचं आधण उकळताना लांबूनच नीट बघा. वाफ वर जाते, झाकणाला लागते, झाकणावर थेंब जमतात. आणि झाकण तापतं किती! पाण्याची वाफ होते ना, तेव्हा ती चुलीची उष्णता पोटात घेऊन निघते. पुन्हा पाणी होताना ती सगळी उष्णता बाहेर सोडते!

समुद्राचंही अगदी तसंच. पाणी साधारण 27 अंशांपर्यंत तापलं, की भरपूर वाफ वर जाते. उंचावर तिचे ढग होतात आणि पोटातली उष्णता बाहेर पडते. हवा आणखी तापते, आणखी जोरात वर जाते. मग तिची जागा घ्यायला चहूकडून वारे धावत सुटतात. पण आपली पृथ्वी स्वतःभोवती फिरते आहे ना! म्हणून वारे सरळ न जाता वळतात. झालं सुरू गरगरणं!

आणि वादळ जमिनीवर आलं की? खालचा गॅस बंद! ते हळूहळू थंडावतं.

पण 2021 च्या गुलाब वादळाने सगळ्यांना चकित केलं. 26 सप्टेंबरला ते आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर आलं. थकत थकत तेलंगण, महाराष्ट्र, गुजरात ओलांडून चक्क अरबी समुद्रात उतरलं. पुन्हा खाली गॅस पेटला! त्याला शाहीन असं नवं नाव मिळालं आणि ते जाऊन धडकलं थेट ओमानला!

आता वळू या बुढापाऱ्यातल्या आपल्या घराकडे. समुद्र लांब, म्हणून वाऱ्याचा जोर इथे येईपर्यंत बराच कमी होतो. इथे सांभाळायचं ते पावसापासून. किती पाणी पडतं, माहीत आहे?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. समजा, तुमची गच्ची 50 चौरस मीटरची आहे आणि दिवसभरात 100 मिलिमीटर पाऊस पडला. करा गुणाकार! 5000 लिटर! दहा लिटरच्या बादल्या भरल्या, तर तब्बल पाचशे बादल्या. तेही एका गच्चीवर, एका दिवसात!

हे सगळं पाणी जातं कुठून? कोपऱ्यातल्या एका लहानशा जाळीतून. तिच्याजवळ बसून बघा. पिंपळाचं एक पान, पतंगाचा तुकडा, चॉकलेटचा कागद. पानाला पान चिकटतं, वर माती बसते आणि घट्ट बूच लागतं. मग पाणी निघतं जिन्यावरून, थेट आजीच्या खोलीत!

म्हणून इशारा आला, की पहिलं काम जाळीचं. ऊन असतानाच, मोठ्यांना सोबत घेऊन ती साफ करायची. वारा सुटल्यावर गच्चीवर मुळीच जायचं नाही. कुंड्या, रिकामे डबे, सुटे पत्रे आधीच खाली आणायचे. वाऱ्याने उडालेला पत्रा कुणालाही लागू शकतो.

मग पाणी. बाहेर एवढा पाऊस, मग घरात कशाला साठवायचं? कारण वीज गेली की पंप बंद! पिण्याचं पाणी झाकून भरून ठेवा. दोन-चार बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवा, पण काठोकाठ भरू नका. गोठताना पाणी फुगतं! वीज नसताना हाच बर्फ फ्रीज गार ठेवतो.

टॉर्च, सेल, चार्ज केलेला मोबाइल एका जागी. आजोबांची औषधं हाताशी. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत. मुर्रा-फुटाणे आणि गुळाचा डबाही हवाच. अडचण आली तर फोन लावायचा 112 वर.

कोकणात आजोळ आहे कुणाचं? 3 जून 2020 ला तिथे निसर्ग वादळाने घरांची छपरं उडवली आणि नारळी-पोफळी पाडल्या. किनाऱ्यावरच्या भावंडांना एक गोष्ट नक्की सांगा. मोठ्या वादळाच्या मधोमध शांत जागा असते, तिला म्हणतात वादळाचा डोळा. तो डोक्यावर आला की वारा एकदम पडतो. वाटतं, संपलं! पण थोड्या वेळाने वारा उलट दिशेने सुटतो. म्हणून अधिकृत सूचना येईपर्यंत बाहेर पडायचं नाही.

आणि सगळ्यात भारी गोष्ट! भूकंप न सांगता येतो, पण चक्रीवादळाची चाहूल बहुतेक वेळा काही दिवस आधी लागते. उपग्रह त्याच्यावर नजर ठेवतात. भारतीय हवामान विभाग पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतो. 1999 मध्ये ओडिशात आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 मध्ये फायलिन आलं, तेही फार मोठं वादळ. पण यावेळी आधीच जवळपास दहा लाख लोकांना सुरक्षित जागी हलवलं होतं. मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत राहिला. मिळालेले दिवस वापरले, म्हणून!

एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे आपल्याकडे चक्रीवादळांचे मुख्य महिने. तेव्हा आज घरात सगळ्यांची सभा भरवा आणि कामं वाटून घ्या. टॉर्च कोण तपासणार? पाणी कोण भरणार? आणि जाळीचं काम? ते कुणाला पटकन सोडू नका हं. पाचशे बादल्यांना वाट करून देण्याचा मान तुमचाच!