कोंबे नावाचा वेल आणि दोन नावांचा वाद

विषाचं औषध कसं झालं, या गोष्टींचा मला फार जुना नाद आहे. त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट कोंबेची. आफ्रिकेतला हा काष्ठवेल आधार मिळाला तर झाडावर चढतो, नाहीतर झुडपासारखा पसरतो. फुलाच्या पाचही पाकळ्यांना वीतभर लांबीची पिळदार शेपटं. त्याच्या बिया वाटून शिरे नदीकाठचे शिकारी बाणांना लावत.

संशोधक-प्रवासी लिव्हिंगस्टनच्या झांबेझी मोहिमेत (1858-64) जॉन कर्क हा डॉक्टर आणि वनस्पतितज्ज्ञ होता. हे विष ठेवलेल्या खिशातच त्याचा दात घासायचा ब्रश राहिला. तोंड कडू झालं, तेव्हा हा क्विनीनचा कडवटपणा असेल असं त्याला वाटलं. पण सर्दीमुळे वाढलेली त्याची नाडी लगेच खाली आली. ती नाडी मोजण्याचं भान त्याला राहिलं, म्हणून मला कर्क मोठा वाटतो.

एडिंबरोच्या टॉमस फ्रेझरने हे विष तपासलं. त्याने हृदयाचा ठोका संथ आणि जोरकस होतो हे दाखवलं आणि 1885 मध्ये ते डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधाच्या जोडीचं औषध म्हणून मांडलं. नावाबाबत मात्र तो हटून बसला. लंडनच्या क्यू उद्यानातल्या वनस्पतिसंग्रहाचा प्रमुख डॅनियल ऑलिव्हर याने या वेलाला स्वतंत्र जाती मानून ‘स्ट्रोफँथस कोंबे’ असं नाव दिलं होतं. फ्रेझरने 1890 मध्ये आपला मोठा प्रबंध छापला तोही ‘स्ट्रोफँथस हिस्पिडस’ याच नावाने. हिस्पिडस ही पश्चिमेकडची वेगळी जाती. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत जिथे थोडंच अंतर असतं, तिथे कोणत्या जातीचं बी कुटलं हे आधी ठरायला हवं. फ्रेझरचं औषधशास्त्र मोठं, पण इथे ऑलिव्हरच बरोबर होता. 1898 च्या ब्रिटिश फार्माकोपियाने, म्हणजे अधिकृत औषधकोशाने, कोंबेच्याच बिया मान्य केल्या.

पुढे 1949 मध्ये कॉर्टिसोन या औषधाच्या कच्च्या मालासाठी याच स्ट्रोफँथस प्रजातीतल्या सार्मेंटोसस या जातीच्या बियांमागे शास्त्रज्ञ आफ्रिकेत धावले. मेक्सिकोतल्या रानकंदांपासून आणि बुरशीच्या मदतीने कॉर्टिसोन बनू लागलं, तेव्हा ती धावपळ थांबली.

कोंबे ज्या करवीर कुलातला, त्या कुलाचा पसाराही बदलला. 1810 मध्ये रॉबर्ट ब्राउनने रुईचं कुल करवीर कुलातून वेगळं काढलं होतं. डीएनएच्या पुराव्याने ते पुन्हा करवीर कुलातच आलं. कोंबे त्या कुलाच्या ज्या गटात बसतो, त्यातच आपल्या अंगणातली कण्हेर आहे. दोघांचंही विष हृदयावरच चालतं. म्हणून सांगतो, कण्हेरीच्या मुळाचा घरगुती काढा कुणी कितीही खात्रीने सुचवला, तरी तो घेऊ नका.