दिवड : नाम आणि विष

धामणगाव रेल्वेच्या पूर्वेस वर्धा नदी, तर पश्चिमेस चांदूर रेल्वेपलीकडे पोहरा-मालखेडचे जंगल आहे. अशा टापूतील नाल्यांत व तलावांत वावरणाऱ्या एका सापास मराठीत ‘दिवड’, ‘पाणदिवड’ वा ‘विरोळा’ आणि विदर्भात ‘ढोंड्या’ म्हणतात. या नावांवरून त्या प्राण्याविषयी काय कळते व काय कळत नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

हा साप बिनविषारी असून मासे व बेडूक हे त्याचे मुख्य भक्ष्य होय. अंगावरील काळ्या ठिपक्यांचा पट आणि डोळ्यापासून निघणाऱ्या दोन तिरप्या काळ्या रेषा ही त्याची खूण. डिवचला असता मात्र तो अंगाचा पुढील भाग उचलतो, मान चपटी करतो आणि कडकडून चावतो. साहजिकच त्यास नाग समजून ठेचण्यात येते.

‘पाणदिवड’ या नावात त्याचे वसतिस्थान आहे. ‘फाउलिया पिस्केटर’ या शास्त्रीय नावातील ‘पिस्केटर’ म्हणजे लॅटिनमध्ये मासेमार. हे पद त्यास 1799 मध्ये श्नायडर या जर्मन पंडिताने दिले. तो स्वतः ग्रीक भाषेचा कोशकार होता. विषाचा निर्देश दोन्ही नावांत नाही. संस्कृत ‘डुंडुभ’ हा शब्द मात्र निर्विष सापासाठीच रूढ झाला. महाभारताच्या आदिपर्वात सर्पदंशाने प्रियेवर ओढवलेल्या मरणामुळे दिसेल तो सर्प मारीत सुटलेल्या रुरूस डुंडुभच विनवितो, की दंश करणारे सर्प निराळे. केवळ सर्प म्हणून आम्हांस मारू नकोस. बंगालीतील ‘ढोंड़ा’ याच शब्दाशी जोडला जातो. ‘ढोंड्या’ही त्याच नादाचा आहे, तथापि निव्वळ नादसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.

हाच नियम नाल्याच्या काठीही लागू पडतो. उभारलेली मान हा नागत्वाचा पुरावा नव्हे, आणि दिवड चावलेला मनुष्य बरा होणे हा मंत्राच्या सामर्थ्याचाही पुरावा नव्हे. तेथे उतरावयास विषच नव्हते. या फसव्या यशावर विसंबून पुढे नाग, मण्यार, घोणस वा फुरसे यांचा दंश झालेला रुग्ण मांत्रिकाकडे नेला जातो आणि प्रतिसर्पविष देण्याची वेळ टळते. मण्यारीचा दंश तर पुष्कळदा दुखतही नाही. सबब ‘ढोंड्याच चावला’ हे वाक्य निदान मानू नये. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.