फेरीच्या गाडीला इंजिन किती सीसीचे घ्यावे?

नगरच्या कापडबाजारातून ठोक माल उचलून घोडेगाव, मिरजगाव, पाथर्डीच्या बाजाराला जाणारे आपले अनेक बांधव आहेत. धंद्याचे पहिले भांडवल मालात जाते आणि दुसरे गाडीत. गाडी घेताना मात्र बहुतेकजण शोरूममधला माणूस सांगेल तो सीसीचा आकडा ऐकून निर्णय घेतात. गरजेपेक्षा मोठे इंजिन घेतले तर मालाचा पैसा गाडीत अडकतो, लहान घेतले तर घाटात गाडी दम सोडते आणि वर्षभरात इंजिन उतरवावे लागते. म्हणून हा विषय हिशेबाने पाहणे जरूर आहे.

लहान इंजिनाचा धंदा नगरला नवा नाही. ह. क. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली 50 सीसीची लूना बाजारात आणली आणि ती नगरच्याच कारखान्यात तयार होत होती. सायकलसारखे पायडल, गिअर नाही, वजन कमी. दूधवाले, भाजीवाले, कापडाचे गठ्ठे नेणारे फेरीवाले यांची पहिली स्वयंचलित गाडी म्हणजे लूना. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातही 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी सोळाव्या वर्षी परवाना मिळण्याची सोय आहे.

सीसी म्हणजे ताकद नव्हे

पिस्टन खाली-वर होताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, तेवढे त्या इंजिनाचे सीसी. त्यावरून ताकदीचा अंदाज येतो, खात्री होत नाही. रिमोटवर उडणाऱ्या शौकाच्या छोट्या हेलिकॉप्टरचे उदाहरण घ्या. त्यात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर चालणारे टू-स्ट्रोक इंजिन असते. लहान हेलिकॉप्टरला सुमारे 5 सीसीचे, मोठ्याला सुमारे 15 सीसीचे. हे 15 सीसीचे इंजिन मिनिटाला पंधरा हजारांच्या आसपास फेरे घेऊन तीन अश्वशक्तीपर्यंत जोर देते. जुन्या 50 सीसी मोपेडची यंत्रे मात्र साधारण दीड-दोन अश्वशक्तीची असत. फरक फेऱ्यांचा आहे. हेलिकॉप्टरचे इंजिन काही मिनिटे उडण्यासाठी बनवलेले, मोपेडचे वर्षानुवर्षे ओझे ओढण्यासाठी.

आजच्या बाजारातही तेच दिसते. टीव्हीएस एक्सएल 100 हे 99.7 सीसीचे आणि हिरो स्प्लेंडर 97.2 सीसीचे. आकडा जवळपास एकच, पण पहिल्याची ताकद सुमारे सव्वाचार अश्वशक्ती आणि दुसऱ्याची सुमारे आठ. पहिले कमी फेऱ्यांवर जोर देते, म्हणजे सावकाश पण ओझ्यासकट निघते. दुसऱ्याला गिअर आहेत आणि रस्त्यावर वेगही आहे. तेव्हा दुकानात सीसीबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: अश्वशक्ती किती आणि ती किती फेऱ्यांवर मिळते.

चढ आणि ओझे

आता आपला हिशेब. गाडी, चालक आणि गठ्ठा मिळून 200 किलो वजन धरू. वीस फुटांना एक फूट असा चढ ताशी 20 किलोमीटर वेगाने चढायचा तर चाकावर साधारण एक अश्वशक्ती लागते. तोच चढ ताशी 40 ने चढायचा तर पावणेतीनच्या घरात लागते, कारण वेग दुप्पट झाला आणि वाऱ्याचा विरोधही वाढला. इंजिनापासून चाकापर्यंत काही ताकद वाया जाते, ती वेगळी.

यावरून निवड सोपी होते. शहरात व सपाट रस्त्यावर फिरणाऱ्याला लहान इंजिन पुरते. इमामपूर किंवा करंजी घाट ज्याला नेहमी ओलांडायचा आहे, त्याने शंभर सीसीच्या खाली येऊ नये, आणि रोज लांबचा पल्ला असेल तर गिअरची गाडी घ्यावी. मात्र इंजिन ओढते म्हणून ओझे वाढवू नये. ओझ्याची मर्यादा सांगाडा, टायर आणि ब्रेक ठरवतात. एक्सएल 100 ची मर्यादा 130 किलो सांगितली जाते, त्यात चालकही आला. चालक 70 किलोचा असेल तर मालाला 60 किलोच उरतात.

खर्चाची बाजू

सीसीचा संबंध विम्याशीही आहे. जून 2022 पासून लागू झालेल्या दरपत्रकात दुचाकीचा तृतीय पक्ष विमा 75 सीसीपर्यंत 538 रुपये, 75 ते 150 सीसीपर्यंत 714 रुपये आणि 150 ते 350 सीसीपर्यंत 1366 रुपये होता. म्हणजे शंभर सीसी घेतली काय किंवा सव्वाशे, विमा एकच. दीडशेच्या वर गेले की जवळपास दुप्पट. फेरीच्या धंद्याला दीडशेच्या वर जाण्याचे कारण नाही. शिवाय मोठी गाडी हप्त्यावर येते आणि हप्त्याबरोबर व्याज येते. लहान गाडी रोखीने घेता आली तर व्याजापासून बचाव होतो आणि उरलेल्या रकमेत सणाचा माल भरता येतो.

पेट्रोलची जुनी लूना बंद झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये कायनेटिक ग्रीनने विजेवरची ई-लूना आणली. तिच्यात सीसी नाही. तिथे मोटारची ताकद किलोवॅटमध्ये आणि बॅटरी किलोवॅट-तासात पाहायची. सुरुवातीच्या ई-लूनाची बॅटरी 2 किलोवॅट-तासाची असून एका चार्जमध्ये 110 किलोमीटरचा दावा आहे. ओझे आणि घाट असेल तर पल्ला घटतो. तेव्हा बाजाराला जाऊन परत येण्याचे अंतर दाव्याच्या निम्म्यात बसत असेल तरच ती घ्यावी.

मिस्त्री बांधवांसाठी

टू-स्ट्रोक गेल्यापासून कार्बन काढणे, बोअर करणे, रिंग बदलणे या कामांवर चालणारी गॅरेजे अडचणीत आली. फोर-स्ट्रोकला टॅपेट आणि वेळेवर ऑइल बदलणे ही नियमित कामे आहेत. विजेच्या गाडीत वायरिंग, कंट्रोलर आणि बॅटरीची जोडणी. हातात कसब आहे, नवे शिकायला काही महिने दिले तर रोजी तुटणार नाही. घरातला एक मुलगा आयटीआयच्या विद्युत शाखेत घालावा, त्याचा उपयोग दुकानाला होईल.

गाडी घेण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: स्वतःचे वजन, मालाचे वजन, रोजचे अंतर आणि वाटेतला घाट. तो कागद घेऊनच दुकानात जा. बरकत मोठ्या इंजिनात नाही, हिशेबात आहे.