झाडीतला ऑर्गन आणि डेंकालीचा वेताळ

जुन्या हिंदी चित्रपटगीतांवर काही लिहायला बसलं, की हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांच्या ‘हिंदी फिल्म गीत कोशा’चे खंड उघडावेच लागतात. कानपूरच्या या माणसाने थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, जुन्या जाहिराती आणि तबकड्यांवरची लेबलं धुंडाळून 1931 पासूनच्या बोलपटांतली गाणी सालवार लावून दिली. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, ते भरलं मात्र पी. के. नायर यांच्या ध्यासामुळे. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी 1990 मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ काढली आणि सुरेश चांदवणकर यांनी त्या कामाला वर्षानुवर्षं वाहून घेतलं. ज्या वस्तू लोक रद्दीत घालत होते, त्या या मंडळींनी जपल्या म्हणून आज त्यांना इतिहास म्हणता येतं.

मी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. विचित्र, आडवळणाचं संगीत, चित्रकथा आणि जुने सिनेमे ही माझीही वेडं. या दोन जंगली जिल्ह्यांत अशा वेडाला काय काय खाद्य मिळालं आणि त्यातलं काय हातचं जातंय, याचा हा आढावा आहे.

चित्रकथांपासून सुरुवात करतो, कारण आमच्या पिढीला जंगल पहिल्यांदा ‘दिसलं’ ते तिथे. हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. घराच्या मागे मोह आणि साग उभे, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या पुड्यांचे फड लागलेले, आणि तरी आमच्या मनातलं जंगल म्हणजे डेंकाली. 1964 साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने ली फॉकचा फँटम छापला आणि मराठी आवृत्तीत तो वेताळ झाला. कवटीची गुहा, ढोलांवरून रानभर पोचणारे निरोप, बुटक्या बांदरांचा विषारी बाण. नदीपलीकडच्या माडिया आदिवासींच्या पाड्यातही ढोल वाजतो, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या ढोलात काही गोष्ट असेल, असं मात्र वाटलं नाही. गोष्ट छापील ढोलात होती. इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडलं. आज त्याचे मराठी अंक जपणारे लोक आहेत, जुन्या बाजारात त्यांना चांगला भाव येतो आणि ते योग्यच आहे. त्या चित्रांवर मी अजूनही जीव टाकतो.

चांदोबाचं प्रकरण वेगळं. तो मद्रासला तयार व्हायचा आणि आमच्या बल्लारशा जंक्शनवरून मद्रासचीच गाडी जायची, त्यामुळे तो मला कायम गाडीतून उतरलेल्या पाहुण्यासारखा वाटे. तेलुगू आणि तमिळमध्ये 1947 साली सुरू झालेलं हे मासिक काही वर्षांतच मराठीत आलं. विक्रम आणि वेताळाचं शंकर यांनी काढलेलं चित्र, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशानातली झाडं, हे ज्याने एकदा पाहिलं तो ते विसरू शकत नाही. के. सी. शिवशंकरन हे त्यांचं पूर्ण नाव. 2020 मध्ये ते गेले. चांदोबातली गावं, घरांची कौलं, विहिरी, बायकांच्या साड्या यांत तेलंगणाचा वास होता आणि सिरोंचाच्या माणसाला तर ते परकं वाटायचं कारणच नव्हतं. प्राणहिता ओलांडली की पलीकडे तेलंगणच. डेंकालीपेक्षा चांदोबा आम्हाला जवळचा होता, हे मला फार उशिरा उमगलं.

सिनेमाबद्दल थोडक्यात. पश्चिम महाराष्ट्रात जत्रेतल्या तंबू-सिनेमाचा मोठा इतिहास आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या 2016 च्या माहितीपटाने तो शेवटच्या घटकेला टिपला. आमच्याकडे त्या तंबूची जागा बऱ्याच अंशी नाटकाने घेतली होती, त्याकडे येतोच. पण एका जुन्या सिनेमाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही: ‘जैत रे जैत’. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, साल 1977. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची ही गोष्ट. मोहन आगाशेंचा ढोल वाजवणारा नाग्या आणि स्मिता पाटीलची चिंधी पाहिली की आजही अंगावर काटा येतो. आदिवासी ढोलाला मराठी मध्यमवर्गाच्या घरात मानाचं पान मिळालं ते या सिनेमामुळे. मात्र ते एका थोर संगीतकाराच्या हातून आलं. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या गावांतलं रेला, म्हणजे रात्री रिंगण धरून, एकमेकींत हात गुंफून तासन् तास चालणारं गाणं आणि नाच, तसंच्या तसं ऐकायची सवय आपण स्वतःला लावली नाही. रेला ऐकताना पहिली काही मिनिटं सगळं सारखंच वाटतं. थोडं थांबलं की एका बाजूने टाकलेली ओळ दुसरी बाजू उचलताना तिला हलकेच कसा बाक देते, ते कानाला कळू लागतं. मला ते कळायला बरीच वर्षं लागली आणि त्याचा आनंद कुठल्याही दुर्मीळ तबकडीपेक्षा मोठा आहे.

चंद्रपूरच्या बाजूला खंजिरी. हाताच्या पंजाएवढ्या लाकडी कड्यावर चामडं मढवलेलं, कडेला झांजा, आणि एवढ्याशा वाद्यावर तुकडोजी महाराजांनी गावंच्या गावं उभी केली. चिमूरला 16 ऑगस्ट 1942 रोजी जो उठाव झाला, त्याची मशागत त्यांच्या भजनांनी केली होती. त्याच महिन्यात इंग्रज सरकारने महाराजांना पकडलं. खंजिरी भजनाच्या स्पर्धा आमच्याकडे आजही भरतात, आणि सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून कीर्तन करतात तेव्हा लहान पोरंही हलत नाहीत. खंजिरीची गंमत अशी की तिला लपायला जागा नाही. पेटी चुकलेल्या गवयाला सांभाळून घेते. खंजिरीवाला चुकला की सगळ्या मंडपाला कळतं.

आता झाडीपट्टी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यातली ही रंगभूमी. दिवाळीत हलका धान निघाला की मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात, नाटकाचा हंगाम उघडतो, आणि तो होळीपर्यंत चालतो. नाटक कंपन्यांचं माहेरघर देसाईगंज, म्हणजे वडसा. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं हे स्टेशन, कित्येक दशकं गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव. गावची मंडळी इथे येऊन नाटक ठरवतात, तारीख घेतात, विसार देतात. मग गावात घरोघरी पाहुणे उतरतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात सोयरिकीची बोलणी. न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने शंकरपट थांबले, तेव्हा या साखळीतली एक कडी तुटली होती. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाल्यावर ती पुन्हा जुळली.

नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. मी बसतो रंगमंचाला लागून, कारण माझं निम्मं लक्ष ऑर्गनवर असतं. मुंबई-पुण्याच्या संगीत नाटकातून ऑर्गन जवळजवळ निवृत्त झाला. झाडीत तो अजून नोकरीवर आहे, कुठे पायपेटीच्या रूपात, बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड म्हणून. शेजारी तबलजी, त्याच्या शेजारी ऑक्टोपॅड. हा वादक एका रात्रीत काय काय करतो पाहा. नांदीला तो धीरगंभीर सूर धरतो. नायिकेच्या पदाला नाट्यसंगीताच्या वळणाने साथ करतो आणि ‘वन्स मोअर’ आला की त्याच पदात नवी जागा काढतो. खलनायक येताच खालच्या पट्टीत तीन स्वर दाबून ठेवतो, विनोदी पात्राच्या पडण्यावर वरून घसरत खाली येतो, आणि लावणी लागली की हिंदी सिनेमाच्या ठेक्यात शिरतो. समोर कागद नाही. कधीकधी त्या नाटकाची तालीमही त्याने नीट पाहिलेली नसते. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे बसून पेटी-तबला वाजवणारे साथीदार हेच करत. ती कला जगातून गेली असं सिनेमाचे इतिहासकार लिहितात. त्यांनी एखादी रात्र ब्रह्मपुरीच्या बाजूला काढावी.

ऑर्गनच्या जवळच प्रॉम्प्टर असतो, मांडीवर वही, नजर अर्धी वहीत, अर्धी नटावर. कंपनीला हंगामात रोज नवं गाव आणि कलाकाराला अनेक नाटकं. त्यामुळे प्रॉम्प्टरच्या आवाजावर सगळा डोलारा असतो. चांगला प्रॉम्प्टर शब्द पुरवताना श्वासही पुरवतो. नट कुठे थांबणार हे त्याला आधी कळतं.

या रंगभूमीला अश्लील, भडक, रेकॉर्डिंग डान्सने बिघडलेली म्हणणारे पुष्कळ आहेत. काही प्रयोगांबद्दल ते खरं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण त्यावरून सगळ्या रंगभूमीला मोडीत काढणारा माणूस पहाटे चार वाजता ‘एकच प्याला’तल्या सिंधूसाठी रडणाऱ्या बायकांच्या रांगेत बसलेला नसतो. गडकऱ्यांचं हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आलं. झाडीत ते अजून जिवंत आहे, कारण दारूचा प्रश्न इथे घराघरांतला आहे. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पाच हजारांहून जास्त प्रयोग आणि आठशे भूमिका हे आकडे वाचून शहरातले लोक चकित झाले. कुरखेड्याकडच्या माणसांना त्यात आश्चर्य नव्हतं. तृषांत इंगळे यांच्या 2022 च्या ‘झॉलीवूड’ने हेच जग पडद्यावर आणलं, तेही याच मातीतल्या नटांना घेऊन. तो सिनेमा मला मनापासून आवडतो, कारण त्यात नटांची कीव केलेली नाही.

दंडार, खडीगंमत, डाहाका, दंडीगान या झाडीच्या जुन्या प्रकारांवर डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी जन्मभर काम केलं आणि झाडीबोलीला साहित्यात उभं केलं. लोककला त्यामुळे कागदावर आली. पण नाटकांचा जो रोजचा पसारा आहे, त्याला अजून ‘हमराज’ भेटलेला नाही. पोस्टरंच घ्या. पिवळ्या-गुलाबी जमिनीवर रडणारी आई, हातात कुऱ्हाड घेतलेला मुलगा, कोपऱ्यात लावणीवाली, आणि खाली रक्त गळल्यासारख्या अक्षरांत शीर्षक. जुन्या सिनेमाच्या पोस्टरांशी आणि इंद्रजालच्या मुखपृष्ठांशी यांचं सरळ नातं आहे. हंगाम संपला की ती गोठ्याच्या कुडाला लागतात. नाटकांच्या ध्वनिफिती निघत, त्या आता बुरशीने चिकटल्या. संहिता बहुतेक हस्तलिखित. लेखक गेला की वही घरच्यांच्या माळ्यावर.

हे जमवायला मोठी संस्था लागत नाही. वेताळाचा एक अंक मिळावा म्हणून चोर बाजारात दिवस घालवणारे मित्र मला ठाऊक आहेत. त्यांनी यंदा भाऊबीजेनंतर वडशाला उतरावं आणि आधी प्रॉम्प्टरच्या वह्यांचे फोटो घ्यावेत. छापील नाटकात फक्त संवाद सापडतात. या वह्यांच्या समासात कुठे टाळी आली, कुठलं पद कापलं, कोणत्या गावात कोणता संवाद लोकांनी दोनदा म्हणायला लावला, हे पेन्सिलीने लिहिलेलं असतं, आणि ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही.