पेरणीआधीचं घर

धाड हे बुलढाणा तालुक्यातलं घाटावरचं गाव. जालन्याची हद्द इथून जवळच. सोयाबीन, कपाशी, तूर, मका ही इथली खरिपाची पिकं. मे महिना म्हणजे गच्चीवर वाळवण आणि घरात बियाण्याची काळजी. अशा मे महिन्यात मी ज्या घरी राहिलो, तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८व्या वर्षी निवृत्त झालेले गुरुजी आणि त्यांची पत्नी राहतात. तिला सगळी गल्ली काकू म्हणते. दोघंही सत्तरीला टेकलेली. मुलं पुण्याला.

नोकरीत असताना बदली होईल त्या गावी गुरुजी जायचे. शेत, गोठा, सासू-सासरे आणि मुलं काकूंनी सांभाळली. एकमेकांचं काम बघायलाही तेव्हा फुरसत नव्हती. आता दोघं एकमेकांच्या कामात हात घालतात, आणि या घराचा दिवस त्यावरच चालतो.

कुरडयांच्या दिवशी घर उजाडायच्या आत जागं होतं. गहू तीन दिवस भिजलेले असतात. पाणी रोज बदलायचं, एक दिवसही चुकवायचा नाही. आदल्या दिवशी ते वाटून, पिळून, चोथा बाजूला काढून चीक गाळून ठेवलेला असतो. रात्रभरात तो तळाशी बसतो. वर आलेलं पिवळसर पाणी काकू अलगद ओतून देतात. जितका चीक, तितकंच पाणी चुलीवर चढतं. त्यात मीठ आणि हिंग. पाण्याला उकळी आली की काकू चिकाची धार सोडतात आणि गुरुजी लाकडी दांड्याने ढवळू लागतात. इथे दोन माणसं लागतातच. धार जाड झाली किंवा हात थांबला, की गाठी झाल्याच. "थांबू नका हं," काकू भांड्यावरची नजर न काढता सांगतात. दुधासारखा पांढरा चीक हळूहळू काचेसारखा दिसू लागतो आणि दांडा जड होतो. तो गरम आहे तोवरच सोऱ्यातून गच्चीवरच्या धोतरावर कुरडया पडायला हव्यात. गार झाला की दाबायला जोर लागतो आणि तार तुटते. गुरुजी सोऱ्या भरून देतात, काकू घालतात. ऊन चढेपर्यंत अर्धं धोतर भरलेलं असतं.

दुपारी पाळी गुरुजींच्या कामाची. सोयाबीन हे स्वपरागीकरणाचं पीक. म्हणून एकदा आणलेल्या प्रमाणित बियाण्यापासून तयार झालेलं घरचं बियाणं पुढची दोन-तीन वर्षं पेरता येतं आणि विकतच्या पिशवीचे पैसे वाचतात. पण काढणीत पाऊस लागला असेल तर दाणा वरून चांगला दिसूनही उगवत नाही. म्हणून उगवण तपासायची. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ दाणे काढायचे, एकत्र करायचे आणि निवड न करता १०० मोजायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी लावायच्या, वर दुसरा ओला गोणपाट टाकायचा, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. चांगले दाणे निवडून लावायचा मोह गुरुजी कटाक्षाने टाळतात. "आपणच आपल्याला फसवलं तर शेत ऐकत नाही," असं ते म्हणतात.

आठवडाभराने गुंडाळी उघडली. काकू चष्मा लावून पुढे बसल्या. सरळ, धडधाकट कोंब तेवढाच धरायचा. वाकडा, कुजलेला, नुसता फुगलेला दाणा बाजूला. त्यांच्या बियाण्याचे ७६ निघाले. सत्तर किंवा त्याहून जास्त असतील तर एकरी ३० किलो पुरतं. शेजारच्या घरातून आलेल्या नमुन्यात ६२ निघाले. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्यामागे साधारण अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे त्यांना एकरी ३४ किलो लागेल. गुरुजींनी तो आकडा चिठ्ठीवर लिहून दिला. सोबत दोन सूचना: पेरणीआधी बुरशीनाशक आणि मग जिवाणू संवर्धकं लावून बियाणं सावलीतच सुकवा, आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका.

पेन्शनमुळे या घराची चूल कुणावर अवलंबून नाही. पण त्या पैशापेक्षा गुरुजींच्या चिठ्ठीमुळे आणि काकूंच्या हातामुळे या दोघांना गल्लीत मान आहे. ते म्हातारपण घालवत नाहीत. गावाला लागणारं काम करतात.

त्यांना जड जातं ते एकच. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. पोतं आपटलं तरी आतला कोंब दुखावतो आणि उगवण घटते, म्हणून पोतं उचलून अलगद ठेवावं लागतं. सत्तरीच्या पाठीला हे झेपत नाही. शहरातली मुलं फोनवर "आता आराम करा" म्हणतात, आणि ती मायेनंच म्हणतात. पण घाटावरच्या अशा आई-वडिलांना आरामाचा सल्ला नको आहे. मुलांनो, दिवाळीची सुट्टी ठरलेलीच असते. दोन दिवस मेच्या शेवटीही काढा, गावी या आणि पोती उतरवून द्या.