बोअरमध्ये सोडलेला पाचोळा

खाण काढायची तर आधी जमिनीत बोअर मारून बघावं लागतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात असे बोअर जागोजाग आहेत. खाली काय दडलंय ते कळलं की भूगर्भशास्त्रज्ञ पुढच्या जागेकडे वळतात आणि त्याच भोकाशी जीवशास्त्रज्ञ येऊन बसतात. कारण त्या राज्यात खाणीची परवानगी मागताना, जिथे शक्यता दिसते तिथे, जमिनीच्या पोटात कोण राहतं याचीही पाहणी करून द्यावी लागते.

पाहणीची पद्धत अगदी साधी. भोकं पाडलेल्या पीव्हीसीच्या नळकांड्यात ओला पाचोळा ठासायचा आणि दोरीने तो बोअरमध्ये सोडायचा. पाचोळा आधी मायक्रोवेव्हमध्ये तापवून घेतात. नाहीतर वरचाच एखादा किडा त्याच्यासोबत खाली जायचा, पाताळवासी म्हणून वर यायचा आणि अहवालाचं हसं व्हायचं! दीड-दोन महिन्यांत पाचोळा कुजू लागतो, त्याच्यावर बुरशी धरते आणि अंधारातली मंडळी पंगतीला जमतात. मग नळकांडं वर ओढून पाचोळा एका नरसाळ्यात टाकतात आणि वर दिवा लावतात. उष्णता आणि कोरडेपणा टाळत किडे खाली सरकत जातात नि थेट अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. नरसाळ्याची ही युक्ती इटलीच्या बर्लेझेची, १९०५ सालची. त्याने गरम पाण्याची ऊब वापरली होती, पुढे स्वीडनच्या टुलग्रेनने दिवा आणला. त्यानंतर त्यात फारसं काही बदललेलं नाही.

अशाच पाहणीतून गोल्डफिल्ड्स भागात ६० मीटर खोलवर एक मिलिपीड सापडला. पॉल मारेक आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर २०२१मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, नाव ठेवलं युमिलिपीस पर्सिफोनी. पर्सिफोनी ही ग्रीक पुराणातली पाताळाची राणी. लांबी सुमारे साडेनऊ सेंटिमीटर, रुंदी एक मिलिमीटरही नाही, डोळे नाहीत, रंग फिकट. एका मादीला १,३०६ पाय! हजारावर पाय असलेला हा पहिलाच ज्ञात प्राणी; त्याआधीचा विक्रम कॅलिफोर्नियातल्या एका मिलिपीडच्या ७५० पायांचा होता. खडकातल्या बारीक फटींतून अंग रेटत पुढे जायचं तर एवढ्या पायांचं बळ कामी येत असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

बातम्यांचे मथळे अर्थातच पायांवर गेले. माझ्या मते खरी गंमत त्याच राज्याच्या उत्तरेला, पिलबारात आहे. तिथे लोहखनिजाच्या सपाट माथ्याच्या टेकड्या आहेत, त्यांना मेसा म्हणतात. त्यांचा खडक आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखा आतून पोकळ्यांनी भरलेला. त्या पोकळ्यांत शिझोमिड राहतात: कोळ्यांचे दूरचे भाऊबंद, काही मिलिमीटर लांबीचे. पाय आठ, पण चालताना सहाच वापरतात. पुढची लांब जोडी चाचपडायला. नराच्या शेवटाला छोटीशी शेपटी असते आणि मीलनाच्या वेळी मादी ती तोंडाच्या अवयवांनी धरून ठेवते. जाती ओळखताना या शेपटीचा आकार फार उपयोगी पडतो. नर हाती लागला नाही तर अडचण.

शिझोमिडांचे बहुतेक नातलग दमट जंगलातल्या पाचोळ्यात राहतात. मग रखरखीत पिलबारात हे कुठून आले? ऑस्ट्रेलियाचं हवामान लाखो वर्षांत कोरडं होत गेलं, वरचं जंगल गेलं, पण खडकाच्या आत ओल टिकली. तीच त्यांनी धरून ठेवली. पुढे नद्यांनी पठार कापून टेकड्या सुट्या केल्या, आणि टेकडी सोडून दुसरीकडे जाणं शिझोमिडांना अशक्य झालं. दिसायला सारखेच वाटणारे हे प्राणी डीएनए तपासल्यावर टेकडीगणिक वेगळे निघाले. म्हणजे एक टेकडी खणून काढली तर एक अख्खी जात जाऊ शकते.

मेसा ए नावाच्या टेकडीबाबत हा प्रश्न थेट उभा राहिला. २००७मध्ये राज्याच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने या शिझोमिडांपायी तिथल्या लोहखनिजाच्या खाणीविरुद्ध शिफारस केली. पुढे टेकडीचा काही भाग न खणता राखण्याच्या अटीवर खाण मंजूर झाली. तडजोड अर्धीमुर्धीच. पण हा वाद चालू होता तेव्हा त्या प्राण्यांना रीतसर शास्त्रीय नावंसुद्धा नव्हती. ती २००८ साली मिळाली.