स्वेटर इगतपुरीपर्यंतच!

डिसेंबरच्या सकाळी जालना स्टेशनावर मुंबईची गाडी पकडणारा माणूस लांबून ओळखू येतो. कानटोपी, मफलर, स्वेटर, त्यावर शाल. हाच माणूस सीएसएमटीला उतरतो तेव्हा सगळं बोचकं काखेत असतं आणि कपाळावर घाम असतो. जालनेकरांनो, मुंबई बघायची तर हिवाळ्यातच बघा, पण थंडीच्या आशेनं जाऊ नका!

दुपारी मुंबईच जास्त तापते

खोटं वाटेल, पण जानेवारीतली मुंबईची दुपार जालन्यापेक्षा गरम असते. सांताक्रूझचं त्या महिन्यातलं सरासरी कमाल तापमान ३१ अंशांच्या आसपास आहे. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि समुद्रावरचा गार वारा दुपारी उशिरा शहरात शिरतो. त्याला जितका उशीर, तितकी दुपार कडक. समुद्रवारा मंदावला की धूळ आणि धूरही शहरातच रेंगाळतात. हिवाळ्यात मुंबईकर खोकताना दिसतो त्याला थंडीपेक्षा ही हवाच जास्त जबाबदार.

कधीतरी मात्र मुंबईही कुडकुडली होती. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझचा पारा ७.४ अंशांवर आला. तो विक्रम अजून मोडलेला नाही. एरवी पारा पंधराच्या खाली घसरला की मुंबईत बातमी होते आणि कपाटाच्या तळाशी पडलेलं जॅकेट बाहेर येतं. आपल्याकडे पंधरा अंशांना शेकोटीसुद्धा कुणी पेटवत नाही.

मनमाडचा बदल गेला

जुन्या माणसांना विचारा. जालन्याचा रूळ मीटरगेज होता तोवर मुंबईला जायचं म्हणजे मनमाडला उतरायचं, ट्रंका-गाठोडी उचलायची आणि दुसऱ्या गाडीत चढायचं. थंडीतल्या रात्री मनमाडच्या फलाटावर बसणं हा प्रवासाचाच भाग होता. ब्रॉडगेज आलं आणि ते संपलं. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, पुढे २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढली. रस्त्यानं जाणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. तरी आमचं मत रेल्वेच्याच बाजूनं. कारण रस्त्यानं गेलात तर आमण्यानंतरची वाहतूक कोंडी तुमची वाट बघत असते.

गाडीत खिडकीची जागा मिळाली तर इगतपुरी ते कसारा डोळे उघडे ठेवा. थळ घाटातला हा उतार ३७ फुटांमागे १ फूट इतका तीव्र आहे. येताना हाच चढ होतो. साध्या मेल-एक्स्प्रेसला कसाऱ्याला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात. वंदे भारत बँकर न घेताच चढते. उतार संपला की कोकण लागतं आणि हवा दमट होते. स्वेटर काढायची जागा हीच.

ही गाडी जिथे थांबते ते सीएसएमटी २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. म्हणजे पर्यटनाचं पहिलं ठिकाण बघायला रिक्षासुद्धा करावी लागत नाही. समोरचा रस्ता ओलांडा आणि मागे वळून बघा. घुमट, वाघ, सिंह, दगडी मोर सगळं फुकट.

बारा मिनिटांचा बोनस

जालना मुंबईच्या सुमारे तीन अंश पूर्वेला आहे आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. म्हणून मुंबईत सूर्य जालन्यापेक्षा जवळजवळ १२ मिनिटं उशिरा मावळतो. मरीन ड्राइव्हवर ही मिनिटं वसूल करा. तिथेही हिवाळ्याचाच फायदा: या दिवसांत सूर्य नैऋत्येकडे सरकलेला असतो, त्यामुळे कट्ट्याच्या मधल्या भागातून तो थेट समुद्रात बुडताना दिसतो. उन्हाळ्यात तोच मलबार हिलच्या आड जातो. आणखी एक गंमत. वर्षातला सर्वात लहान दिवस डिसेंबरात असला तरी सूर्य सर्वात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यात, मुंबईत सव्वासातच्या सुमारास. उशिरा उठणाऱ्यांनी हे घरच्यांना जरूर सांगावं.

भायखळ्याला एक दिवस द्या

सीएसएमटीहून लोकलनं तिसरं स्टेशन भायखळा. मुंबईत इतकं विचित्र सामान एकाच आवारात दुसरीकडे कुठे सापडत नाही. राणीच्या बागेत पेंग्विन आहेत. २०१६ मध्ये ते दक्षिण कोरियातून आले. जात हम्बोल्ट, मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. त्यांच्या काचेच्या घरात १६ ते १८ अंश तापमान ठेवतात. गंमत बघा, डिसेंबरच्या रात्री जालन्यात फुकट मिळते त्याहून ही थंडी कमीच, आणि मुंबईला त्यासाठी यंत्रं चालवावी लागतात!

पेंग्विन बघून बाहेर आलात की भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती बघा. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. तुटला म्हणून वाचला! तुकडे पुढे जोडले आणि हत्ती इथे उभा राहिला. जवळ जाऊन बघितलं तर सांधे दिसतात.

याच आवारात खरा काळा घोडाही आहे. सातव्या एडवर्डचा, तेव्हाच्या युवराजाचा, हा अश्वारूढ पुतळा सर आल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला होता. तो १९६५ मध्ये फोर्टातून इथे हलवला. घोडा गेला, पण चौकाचं नाव गेलं नाही. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, तो मात्र स्वाराविना. म्हणजे तब्बल ५२ वर्षं लोक घोडा नसलेल्या काळ्या घोड्याला जात होते. तिथला कलामहोत्सव १९९९ पासून भरतो, साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात. गर्दी प्रचंड, पाहण्यासारखं बरंच, खरेदी खिसा सांभाळून.

पाहुणे तुमच्याआधी पोचलेत

नोव्हेंबर-डिसेंबरपासून ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरू लागतात आणि मेपर्यंत राहतात. काही हंगामांत त्यांची मोजणी लाखाच्या वर गेली आहे. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, पिल्लं राखाडीच असतात. खाडीतलं अभयारण्य २०१५ चं, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीहून बोटीनं किंवा शिवडीच्या धक्क्यावरून ते बघता येतात, पण आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. चुकीच्या वेळी गेलात तर नुसता चिखल दिसेल.

घारापुरीच्या बोटीमागे उडणारे पांढरे पक्षी म्हणजे कुरव. त्यातले काही लडाखसारख्या उंच प्रदेशातून येतात. लोक त्यांना गाठ्या फेकतात. तेवढं तुम्ही करू नका, तळलेलं बेसन हा त्यांचा आहार नाही.

सहा डिसेंबर

ही सहल नव्हे. ६ डिसेंबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं दिल्लीत महापरिनिर्वाण झालं आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. दरवर्षी या दिवशी चैत्यभूमीवर लाखोंची रीघ लागते आणि मराठवाड्यातून जादा गाड्या भरून जातात. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल ओळीनं लागतात आणि जालन्याला परतताना अनेकांच्या पिशवीत पुस्तकंच असतात. इतर कामासाठी जाणाऱ्यांनी ५ ते ७ डिसेंबर टाळलेले बरे, रांगेतल्या माणसांना वाट मोकळी राहील.

हुरडा वजनावर

थंडीत मुंबईच्या गुजराती वस्तीत ‘पोंक’ विकायला येतो. घाबरू नका, हा ज्वारीचा हुरडाच. आपल्याकडे आगटीच्या आरात भाजलेलं गूळभेंडीचं कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीसोबत तोंडात टाकायचे. तिथे तोच सोललेला माल वजन करून, शेव-मिरीसोबत मिळतो. खाऊन बघा, पण भाव विचारून. त्यापेक्षा उंधियू खा, तो इकडे मिळत नाही. रसवंतीवर मोसंबी रस मागितलात तर मोसंबी कुठली ते विचारा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, जरा मिरवायला हरकत नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी

सीएसएमटीपासून चालत आझाद मैदानाकडे जा. त्याला लागूनच बॉम्बे जिमखाना. भारतातला पहिला कसोटी सामना इथेच, १५ डिसेंबर १९३३ पासून. पदार्पण करणाऱ्या लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या, भारताचं ते पहिलं कसोटी शतक. सामना मात्र इंग्लंडनं जिंकला. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी याच भागात मॅरेथॉन असते. त्या सकाळी दक्षिण मुंबईत टॅक्सी शोधू नका, रस्ते बंद असतात.

आता तिकीट काढा, पण वार बघून. घारापुरीच्या लेण्या सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. गुरुवारी पोचा आणि रविवारी परता, म्हणजे दोन्ही बघून होतं.